तेरणाच्या बाई

बाईंना कुत्र्यांचा फार लळा होता, असं त्या गेल्यावर लातुरातल्या दोघातिघांनी मला फोनवर सांगितलं. मी हो हो म्हटलं. गेलेल्या माणसाविषयी असंच बोलायची पद्धत आहे. खरं सांगायचं तर बाईंनी कुत्र्याला कधी मांडीवर घेतलं नाही. त्यांच्या कुत्र्याला कुणी लाडाचं बोलायला लागलं की त्या म्हणायच्या, "तुमच्या घरी लेकरं न्हाईत का? त्यांना बोला जावा." माझ्याशी पहिल्या भेटीत त्या याहून गोड बोलल्या असं मला आठवत नाही.

बाई दिसायला कशा होत्या ते मात्र मला विचारू नका. मी नांदेडला शाळेत मराठी शिकवतो. चाळिशीच्या आतबाहेर माझी नजर जायला लागली. आधी रात्रीचं दिसेना, मग कडेचं, मग समोरचंही. बाई भेटल्या तेव्हा माझ्या वाट्याला नुसता उजेड आणि अंधार उरला होता. त्यामुळे माझ्यासाठी बाई म्हणजे कॅनव्हासच्या बुटांचा करकर आवाज, कडुनिंबाच्या साबणाचा वास, खिशातले फुटाणे आणि कुणालाही न घाबरणारा एक खर्जातला आवाज. वर्गात तो आवाज शेवटच्या बाकापर्यंत जात असणार. उभा जन्म त्यांनी मुलींना भूगोल शिकवला होता आणि निवृत्त झाल्यावर त्या आंधळ्यांसाठी कुत्रे शिकवत होत्या. लग्न केलं नव्हतं. का, असं विचारायची कुणाची छाती नव्हती.

मी त्यांच्याकडे गेलो तो हौसेनं नव्हे. शिकवायला मला नजर लागत नव्हती, कविता पाठ होत्या, धडे पोरं वाचून दाखवायची. अडचण होती ती घरापासून शाळेपर्यंतच्या रस्त्याची. बायको भोकरला एका खाजगी शाळेत शिकवते, म्हणजे तेव्हा शिकवायची. सकाळी मला शाळेत सोडून ती स्टेशनकडे पळायची. मी पाऊण तास बंद फाटकासमोर उभा आणि तिची गाडी तरीही चुकलेली. तिच्या शाळेनं शेवटी सांगितलं, मॅडम, वेळेवर येणार असाल तर या. पांढरी काठी मी घेऊन पाहिली होती. काठीला खड्डा कळतो, पण उलट्या बाजूनं अंगावर येणारा रिक्षावाला कळत नाही. दोनदा आपटलो. तेव्हा एक तर मी एकट्यानं शाळेत जायला शिकायचं, नाही तर तिनं नोकरी सोडायची, इतका सरळ मामला होता. ती सोडते म्हणत नव्हती आणि मी सोड म्हणत नव्हतो.

कुणीतरी बाईंचं नाव सांगितलं. आम्ही लातूरला औसा रोडवरच्या त्यांच्या घरी गेलो. बाईंनी पाणी दिलं, चहा दिला आणि मला म्हणाल्या, "मास्तर, त्या भिंतीपर्यंत चालत जावा." मी निघालो. वाटेत बादली होती, बाज होती, एक खुर्ची आडवी पाडलेली होती. मी सगळ्यांवर आदळलो. बायको उठायला लागली तशी बाई म्हणाल्या, "बसा तुम्ही. मी ते कसे पडतात ते बघून राहिले." मी चिडलो. परत येऊन म्हटलं, "मी काय तमाशा दाखवायला आलोय का?" बाई म्हणाल्या, "चिडलात, पण बादलीला लाथ न्हाई घातली. तुम्हाला कुत्रा द्यायला हरकत न्हाई."

त्यांच्याकडे माणसांची परीक्षा होती, कुत्र्यांची नंतर. कुत्र्यावर हात उगारणारा माणूस आपल्याला पाणी पितानाच ओळखू येतो, असं त्यांचं म्हणणं होतं. ते कसं, हे त्यांनी सांगितलं नाही. एका पैसेवाल्या गृहस्थाला त्यांनी चहासुद्धा न देता परत पाठवलं होतं.

कुत्रे साधे गावठी. बाजारातून, उकिरड्यावरून उचललेली पिल्लं. शिकवायचं कसं ते बाई पुस्तकं मागवून आणि मोबाइलवर बघून शिकल्या. आधीचे काही कुत्रे वाया गेले, हे त्या स्वतःच सांगायच्या, आणि चूक कुत्र्याची होती असं एकदाही म्हणायच्या नाहीत. नावं सगळी नद्यांची. माझ्या वाट्याला आली ती तेरणा. ड्रायव्हर-दुकानदारांना अरे-तुरे करणाऱ्या बाई तेरणाला मात्र अहोजाहो करायच्या. "उठा, मास्तर आलेत," असं त्या तिला पहिल्या दिवशी म्हणाल्या, तेव्हा घरात आणखी कुणी वयस्कर बाई आहेत असंच मला वाटलं.

कामाचे शब्द मात्र तेलुगू. बाई देगलूरकडच्या, तेलुगू घरातल्याच. 'आगु' म्हणजे थांब, 'पद' म्हणजे चल, 'वद्दु' म्हणजे नको. मी म्हटलं, मराठीचा मास्तर मी, मला कशाला हा त्रास? त्या म्हणाल्या, "बाजारात दिवसभर कोण ना कोण थांब म्हणतंय, चल म्हणतंय. सगळ्यांचं ऐकायला लागली तर तुम्हाला कुठं नेईल?" हे पटण्यासारखं होतं. पाठीवरच्या पट्ट्याला धरायची दांडी त्यांनी सायकलच्या दुकानातून नळी वाकवून करून आणली होती.

आठवडाभर मी त्यांच्याकडे राहिलो. पहाटे उठवायच्या. दुपारच्या गर्दीत आम्हाला गंजगोलाईत सोडायच्या, जिथं चारी बाजूंनी रस्ते येऊन मिळतात आणि डोळस माणूसही दोनदा वळून बघतो. "गोलाईत चालला तो कुठंबी चालेल," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दुसरं वाक्य, "आधी थांबायला शिका. चालता कुणालाबी येतं." एकदा मी 'पद, पद' म्हणून राहिलो आणि तेरणा हलेना. मी दांडी पुढं ढकलली. मागून बाईंनी माझ्या पाठीत धपका घातला. चाळिशी उलटलेल्या माणसाला. पुढं उघडी गटार होती. "ती तुमचं ऐकत न्हाई म्हणजे ती काम करून राहिली," त्या म्हणाल्या. "तेवढ्यापुरता तुमचा शहाणपणा बाजूला ठेवायचा." गर्दीत दहाजणांसमोर मार खाल्ला, पण त्या वाक्यानं माझी भीती निम्मी गेली.

नांदेडला यायचा दिवस तर विसरणं शक्य नाही. काळ्या-पिवळ्या जीपचा ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, कुत्रं वर टपावर बांधू." बाई म्हणाल्या, "बांध. मी बी वर बसते." आणि खरोखर मागच्या शिडीवर चढायला लागल्या. साठी उलटलेली बाई, बूट घातलेले, पदर खोचलेला असणार. जीपमधल्या बायका ओरडायला लागल्या. ड्रायव्हर खाली उतरला, हात जोडतो म्हणाला आणि आम्हा तिघांना पुढची सीट दिली. नांदेड येईपर्यंत बाईंनी त्याला मांजरा नदी कुठं उगम पावते ते शिकवलं.

आमच्या गल्लीत आल्यावर त्या घरात न येता आधी दारोदार गेल्या. प्रत्येक घरी एकच सांगणं. या कुत्रीला मास्तरांशिवाय कुणी घास घालायचा नाही. शिळी भाकरी नाही, लग्नातली बुंदी नाही, काही नाही. आमच्या भागात दारातल्या कुत्र्याला तुकडा न टाकता जेवणं बरं समजत नाहीत. बायकांना ते फार लागलं. शेजारच्या आक्का म्हणाल्या, "असं कसं ओ बाई, मुक्या जनावराला न्हाई कसं म्हणावं?" बाई म्हणाल्या, "तुम्ही घास घातला की तिचं नाक तुमच्या दाराकडं वळंल. नाक वळलं की मास्तर रस्त्यावर एकटे. घालायचाय घास?" आक्का आत निघून गेल्या. पण शब्द पाळला. सगळ्या गल्लीनं पाळला.

आणि मग मला जे दिवस मिळाले, ते मिळाले. सकाळी तेरणाला पट्टा चढवायचा, फाटक ओढायचं, आणि निघायचं. कुणाचा खांदा नाही, कुणाला थांबायला सांगायचं नाही. मोठ्या रस्त्याशी ती थांबायची, मी थांबायचो, ती निघायची, मी निघायचो. बायको आमच्या आधी भोकरला गेलेली असायची. एकदा मी रस्त्यात मुद्दाम थांबून चहा प्यालो. का, तर कुणाला विचारायचं नव्हतं म्हणून. शाळेत उशिरा पोचलो आणि मुख्याध्यापकांची बोलणी आनंदानं खाल्ली.

बाई महिन्यातून एकदा येऊन आमच्या मागून चालायच्या. आम्हाला न सांगता. बुटांचा आवाज आला की मला कळायचं, मी गप्प राहायचो. एका अशा दिवशी, चहा पिताना त्यांनी त्यांच्या भावाचं सांगितलं. तो जन्मांध. देगलूरच्या घरात अंगण ओलांडायचं तर ताईचा हात धरायचा. "आणि मास्तर, मला कंटाळा यायचा. नंतर नेते म्हणायचे. नंतर नोकरीला लातूरला आले. तो ओसरीवर बसून गेला." एवढंच. कपबशी खाली ठेवली आणि तेरणाची नखं वाढलीत म्हणून मला बोलायला लागल्या.

ते वर्ष सुखाचं गेलं. मग चंपाषष्ठी आली.

ज्यांच्या घरी खंडोबा त्यांना सांगायला नको. त्या दिवशी वांग्याचं भरीत, बाजरीचा रोडगा, पातीचा कांदा, आणि देवाच्या नैवेद्यानंतर कुत्र्याचा घास. कुत्रं देवाचं. ते जेवल्याशिवाय घरचं कुणी ताटाला शिवत नाही. एरवी कुत्र्यांना काय तोटा? पण त्याच महिन्यात महापालिकेची गाडी येऊन गल्लीतली मोकाट कुत्री उचलून घेऊन गेली होती. दुपार टळली तरी आक्का ताट घेऊन गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होत्या. घरात नातू दुखण्यातून उठलेला, त्याच्यासाठी बोललेला नवस. शेवटी त्या माझ्या दारात आल्या.

"मास्तर, लेकरंबाळं सकाळधरनं उपाशी हायेत. देवाचं कुत्रं तुमच्या दारात बसलेलं असताना मी कुठं हुडकू?"

मी नाही म्हटलं. मला शपथच होती. आक्का रडायला लागल्या. बायको म्हणाली, बाईंनाच फोन लावा, त्या म्हणतील ते खरं. मी लावला. बाई झापतील, मी तेच आक्कांना ऐकवीन आणि सुटेन, असा माझा हिशोब होता. सगळं सांगितलं.

"आमच्याकडं बी आज तेच हाय," बाई म्हणाल्या. आवाज वेगळाच होता. "माझा भाऊ दारात बसून वाट बघायचा. कुत्रं आलं का ताई, कुत्रं आलं का." मग म्हणाल्या, "द्या. देवाचं हाय. पण पट्टा काढून द्या. पट्टा काढला की तिचं काम संपलं, तिला कळतंय ते."

तेरणानं आक्कांचा घास खाल्ला. आक्कांचं झालं म्हटल्यावर समोरच्या काकूंचं ताट आलं. मग कोपऱ्यावरच्यांचं. नाही कुणाला म्हणणार? बाईंनी स्वतः हो म्हटलेलं. त्या दिवशी सगळी गल्ली तेरणाच्या उष्ट्यानं जेवली, आणि मला वाटलं, बाई देवाला तरी मानतात.

बाईंनी एवढं कुत्र्यांना ओळखलं, पण माणसांना ओळखलं नाही. आक्कांच्या नातवाला बरं वाटलं. आता रविवार खंडोबाचा वार. रविवारी मला सुट्टी, पट्टा खुंटीला, तेरणा अंगणात मोकळी. दुपारी मी झोपलेला असताना आक्का घास घालायला लागल्या. मोडलं कुठं त्यांनी काही? पट्टा काढलेला असतानाच घालत होत्या, बाईंनीच सांगितलेलं. मग मोठ्या रस्त्याच्या पलीकडच्या घरातल्या एक बाई ताट घेऊन यायला लागल्या, त्यांचाही काही नवस. घरातला मी एकटाच ज्याला दिसत नव्हतं, आणि जिला दिसत होतं ती बायको रविवारी आठवड्याचं धुणं घेऊन मागच्या दारी असायची.

दहावीची परीक्षा जवळ आली आणि शाळेनं रविवारचे जादा तास लावले. पहिल्याच रविवारी मी पट्टा चढवून निघालो. मोठ्या रस्त्याशी आलो. तेरणा थांबली, मी थांबलो. आणि मग पलीकडून बाईमाणसाचा आवाज आला, "ये, ये, आलीस का गं?" दांडीला असा हिसका बसला की मला सोडायचंही सुचलं नाही. रिक्षाचा हॉर्न ऐकला. नंतर मी रस्त्यावर पडलेलो आणि तेरणा माझ्या कानाशी रडत होती. तिला खरचटलंसुद्धा नव्हतं. माझा डावा पाय मांडीत मोडला होता.

बाई संध्याकाळच्या आत नांदेडात पोचल्या. दवाखान्यात बुटांचा आवाज ऐकला आणि मला हायसं वाटलं, वेड्यासारखं. त्यांनी पाय कसा आहे विचारलं नाही.

"पट्टा चढवलेला होता?"

"होता."

त्या खुर्चीवर बसल्या. आक्का दारात उभ्या होत्या, त्यांचं रडणं ऐकू येत होतं. बाई त्यांना म्हणाल्या, "तुम्ही रडू नका. तुम्ही मला विचारूनच केलं होतं." त्याच दिवशी त्या तेरणाला घेऊन गेल्या.

पाय जुळला, पण आखूड झाला. उन्हाळ्यात आम्ही लातूरला गेलो, तेरणाला आणायला. तिनं मला ओळखलं, पायात घोटाळली. बाईंनी चहा दिला आणि म्हणाल्या, "कुत्रा मिळणार न्हाई."

मी म्हटलं, चूक झाली, झाली. गल्लीतलं आता कुणी घास घालणार नाही. मला तुमची माफी नको, मला माझी कुत्री द्या. मी बरंच बोललो. माझा आवाज चढला. बाई शेवटी म्हणाल्या, "एका भावाला मी घरात बसवलं. दुसऱ्याला रस्त्यावर मारू का?"

मी उठलो, चिडून निघून आलो. त्या जूनमध्ये बायकोनं भोकरची नोकरी सोडली. तक्रार केली नाही. मला सकाळी शाळेत सोडायची, दुपारी न्यायला यायची, आणि मधल्या वेळात घरी शिकवण्या घ्यायची. भोकरच्या पोरींचे फोन यायचे तेव्हा ती आतल्या खोलीत जाऊन बोलायची. मला ते ऐकू यायचं.

बाईंनी पुढं कुणालाच कुत्रा दिला नाही. लोक यायचे, किनवटकडनं, उदगीरकडनं, पार राज्याच्या सीमेपलीकडून. त्या परत पाठवायच्या. राहिलेली पिल्लं शेतावर राखणीला देऊन टाकली. मला मात्र सणासुदीला फोन करायच्या. "लंगडता का अजून? डाव्याच पायानं? जिना चढताना कोणता आधी टाकता?" मला त्याचा वैताग यायचा. मोडलेल्या पायाची इतकी चौकशी करण्यापेक्षा कुत्री द्या की, असं तोंडावर यायचं. तेरणा कशी आहे विचारलं की, "हाय. बरी हाय," एवढंच. अशी पाच-सहा वर्षं गेली.

या थंडीत बाई गेल्या. झोपेतच. त्यांच्या घरी मागच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या शिवणकाम करणाऱ्या ताईंनी फोन करून सांगितलं, कुत्री तुमची आहे, घेऊन जावा. आम्ही गेलो. तेरणा पायरीवर पडून होती. मी हात लावला तर हाडं लागली. उठायला गेली आणि मागचे पाय बसले. ताई म्हणाल्या, "चार-सहा महिन्यांपासून कंबर धरलीय तिची. त्याच्या आधी लई चालायची."

मी म्हटलं, "चालायची कुठं? घरातच असेल ना."

"घरात कुठलं? बाई रोज सकाळ-संध्याकाळ घेऊन जायच्या की गोलाईपर्यंत. डोळ्यांवर रुमाल बांधून. दांडी धरून. लोक हसायचे. रविवारी तर खंडोबाच्या देवळासमोर, जिथं कुत्र्यांना घास टाकतात, तिथनंच नेणार. हिच्या तोंडासमोर भरीत-भाकरी ठेवायचे लोक, ही वळून बघायची न्हाई. आणि बाई चालायच्या कशा, तर डाव्या पायात लंगडत. मी म्हटलं, बाई, पाय दुखून राहिला का? तर म्हणाल्या, माझा न्हाई, मास्तरांचा."

बायको माझ्या शेजारी उभी होती. तिनं माझा हात घट्ट धरला.

"तेरणा कधीपासून अशी चालत होती?" मी विचारलं.

"मी इथं राहायला आले तुमचा पाय मोडला त्याच वर्षीच्या दिवाळीत. तेव्हाच पक्की तयार होती ही. मी कितीदा म्हटलं, बाई, मग द्या की मास्तरांचं मास्तरांना. दर वेळी म्हणायच्या, देते. अजून एक रविवार बघते."

मी तिथंच पायरीवर बसलो. मला बाईंचा असा राग आला की रडूच फुटलं. तेरणानं माझ्या आखूड पायावर मान टाकली होती, आणि एवढ्याशा ओझ्यानंही तो पाय मला हलवता येईना.